पाटी

चार बाय तीनचा पत्रा,
पांढऱ्याचे दोन हात,
आणि नवलूने पुण्याहून आणलेला कागद:
सेंद्रिय दुधाचे आरोग्यास फायदे.
एकूण अकरा.

मी म्हटलं, अकरा बसायचे नाहीत.
लोक गाडीतून वाचतात,
गिर्येच्या वळणावर पाटीला तीन सेकंद मिळतात.
त्याने पाच निवडले. मी खडूने ओळी आखल्या.

त्याची आई, ठकूबाई येडगे,
गोठ्याच्या मेढीला पाठ टेकून बघत होती.
तिला वाचता येत नाही,
पण रंग कुठे ओघळणार ते माझ्याआधी दिसतं.
‘काय लिवलंस?’
एक. हाडे बळकट होतात.
ती हसली नाही. लुगडं वर सारून
दोन्ही गुडघे दाखवले,
असोले नारळ दोन.
‘ह्यां पण लिव मगे.’

मग दोरी वळता वळता सांगत गेली.
मोहोर आला की बागांत फवारणी सुरू,
मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत, पाच-सहा वेळा.
कलमांखालचं गवत सावलीने अजून ओलं असतं
आणि त्यावर ते औषध बसलेलं.
गाय मान वळवते नेमकी तिकडेच.
म्हणून ही कापलीला आणि मोरीला घेऊन
बागांच्या गडग्यांना वळसा घालते,
सड्यावरून, तापल्या जांभ्यावरून, अनवाणी,
जाताना दीड कोस, येताना दीड,
कुठे सुकं गवत, कुठे करवंदीचा पाला.
एकेकीचं दूध दीड लिटर.
जर्सीच्या धारेत तेवढं सांडतं.

मी कागद पुन्हा वाचला.
अकरांत हा वळसा नव्हता.

‘तू पितस काय गे?’
‘गिऱ्हायकाचां दूध?’
एवढंच म्हणाली, आणि उठली.

मला दूध पचत नाही, लहानपणापासून.
पहाटे घाटावरून टेम्पो येतो,
त्यातल्या पिशवीचं चमचाभर चहात घातलं
तरी दुपारपर्यंत पोटात ढोल.
हे तिला सांगायचं राहिलं,
तिने पेला पुढे केला होता.
चुलीवर तापलेलं, धुरकट,
सायीवर राखेचा एक कण.
प्यालो.
आधी किंचित तुरट लागलं, की मला वाटलं,
मग आणखी काहीतरी,
ज्याला कागदावर ‘पौष्टिक’ असा शब्द होता
आणि माझ्या जिभेपाशी काहीच नव्हता.

रात्री पोटाची वाट बघत पडलो.
गुरगुरलं. अर्धा तास. एरवी तीन.
दुधाचा गुण की माझं नशीब, डॉक्टर जाणोत.
ते मी पाटीवर घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवलू देवगडला गेलेला.
चार फायदे निळ्यात उतरवले.
पाचव्याच्या जागी ब्रश थांबला.
‘गायींची नावां घाल,’ मागून आवाज आला.
घातली. कापली. मोरी.
आणि खाली, बारीक ब्रशने:
फवारलेल्या बागांना दीड कोस वळसा घालून.

नवलू आला. पत्र्यापासून दहा पावलं मागे गेला.
‘ह्याच्यात फायदा काय कळणार कुणाला?’
मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.
साडेआठशे ठरले होते. चारशे दिलेन.
उरलेल्यांचं दूध दे म्हटलं, रोज अर्धा लिटर.

पहिल्या दिवशी तांब्या घेऊन गेलो,
त्यातलं निम्मं तिच्या पेल्यात ओतलं.
‘आता गिऱ्हाईक मी. माझ्या दुधाचं मी काय पण करीन.’
ती बराच वेळ पेला धरून बसली.
कावळा आला, गेला.
मग एक घोट घेतलान,
तोंडात तसाच ठेवलान थोडा वेळ,
आणि म्हणाली,
‘मोरीचां हा.
काल करवंदीत शिरलेली ती.’