घड्याळजीचं टेबल

एकतीस चौरस मीटर.
त्यात आम्ही दोघं, बाबा, गुंतार्सची सायकल,
आणि आता ही लीबा, तीन किलो शंभर ग्रॅम,
जिला दिवसातून दहा वेळा
आडवं व्हायला एक सपाट जागा लागते.

गुंतार्सने टेप काढली.
खिडकीचा कट्टा: अरुंद, शिवाय फटीतून
रीगाचा जानेवारी आत येतो.
इस्त्रीचं टेबल: डुगडुगतं.
जमीन चालली असती,
पण माझ्या पोटावरचे टाके अजून कच्चे,
खाली बसले की उठवायला माणूस लागतं.

उरलं वॉशिंग मशीन.
त्यावर टॉवेल, टॉवेलवर रबरी कापड,
कापडावर लेक. दोन दिवस बरे गेले.
तिसऱ्या दिवशी आत तिचीच दुपटी फिरत होती
हे आम्ही दोघंही विसरलो.
मशीन पिळायला लागलं.
लीबा सबंध थरथरली,
हनुवटी, गाल, पायाची बोटं,
आणि रडायचं सोडून आमच्याकडे तिने असं पाहिलं
जसा नवा भाडेकरू
पहिल्याच आठवड्यात घरमालकाकडे पाहतो.

त्या रात्री कपाट सरकवून बघितलं.
कपाट जाईल तिकडचं दार उघडेना.
सायकल बाल्कनीत गेली, परत आली,
तिच्यावरून भांडलो, कुजबुजत.
पडद्यामागे बाबा खोकले.
तो झोपेतला खोकला नव्हता.

खरं तर एक टेबल होतंच घरात.
डोळ्यांसमोर होतं,
म्हणूनच कुणी त्याचं नाव काढत नव्हतं.
चाळीस वर्षं त्यावर बाबांनी
सगळ्या गल्लीची मनगटं दुरुस्त केली.
गेल्या वर्षी डोळ्यांच्या मधोमध धुकं उतरलं,
तेव्हापासून ते तिथे बसून
नुसता चहा पितात.

सकाळी उठले तर टेबल रिकामं.
चिमटे, पेचकस बिस्किटांच्या डब्यात,
आणि बाबा ओल्या फडक्याने तेलाचे डाग पुसतायत,
डाग दिसत नाहीत म्हणून
सगळंच पुसतायत.
"कडेला पट्टी आहे," एवढंच म्हणाले,
"स्क्रू घरंगळू नये म्हणून.
हीपण घरंगळणार नाही."

उंचीही बरोबर निघाली.
घड्याळजींची टेबलं उंचच असतात, मान वाकू नये म्हणून.
मला हे त्यांची मुलगी असून माहीत नव्हतं.

खणांवरच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या.
'काटे' मध्ये कापूस.
'स्प्रिंगा' मध्ये मलम.
'चामडी पट्टे' मध्ये लंगोटांची चळत, अजून जरा चामड्याचा वास येतो.
सगळ्यांत खाली 'मालक आलाच नाही',
त्यात सहा घड्याळं.
तो खण आम्ही मागितला नाही.

मी अजून लंगोटाची पुढची बाजू शोधत असते,
तोवर बाबांचं उरकलेलं असतं.
दोन बोटांत दोन घोटे, अलगद उचल,
श्वास रोखलेला,
केसाएवढं चाक बसवताना रोखायचे तसा.
परवा सवयीने त्यांनी भिंगही चढवलं डोळ्यावर
आणि दिव्याची मान तिच्या ढुंगणावर वाकवली.
"लाल झालंय का?" मी विचारलं.
"मला काय दिसतंय? तू बघ."
पण भिंग काही काढलं नाही.

आज माझे दोन्ही हात लेकीवर होते,
म्हणून मलमाचा खण गुडघ्याने लावला,
जरा जोरातच.
खालून टिकटिक ऐकू आली.
मी बाबांकडे पाहिलं. पायाच्या बोटांपासून काहीतरी
वर चढत होतं माझ्या.

"ऑटोमॅटिक आहे ते," बाबा म्हणाले,
"हिसका बसला की चालतं दोन मिनिटं. थांबेल."

थांबलं.
तोवर लीबाने
नवा लंगोट भिजवला होता.