वीस मिनिटं

काचेची नळी. कोरी, कोरडी.
साबणाचा अंश राहिला तरी नळी खोटं बोलते,
हे तामोरे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
दोन मिलिलिटर रक्त. स्टँडमध्ये ठेवलं.
आता हलवायचं नाही.
परळच्या या खोलीत रात्री अडीच वाजता
भिंतीवरच्या घड्याळाखेरीज कुणी हलतही नाही.

रक्त लाडकी खरपडेचं. खांबाचा पाडा, आरे.
तबेल्यासाठी गवत कापताना घोणस.
"कुकरची शिट्टी झाली," ती म्हणाली,
"म्हटलं, इथं रानात कोण शिजवतंय?"
आणि हसली.
हिरड्यांतून लाल रेघ.

लोक म्हणतात, विषानं रक्ताचं पाणी होतं.
तसं नसतं.
घोणस रक्ताला अडवत नाही, उठवते.
दहाव्या घटकाच्या कानात सांगते: जखम झालीय, धाव.
तो धावतो, पाचवा धावतो,
नसलेल्या जखमांवर धागे विणले जातात,
विणलेले विरतात, पुन्हा विणले जातात,
गोदामातलं सूत संपेस्तोवर.
मग खरी जखम हाक मारते, दोन टिंबांएवढी,
आणि घरात सुतळीचा तोडासुद्धा नसतो.

वीस मिनिटं. नळी कलती केली.
रक्त काचेवरून उतरलं
कोऱ्या चहासारखं.
"गोठत नाही," फोनवर मी एवढंच म्हणालो.
वरच्या मजल्यावर कुप्या विरघळू लागल्या:
कुठल्याशा घोड्यानं
रक्तात जपून ठेवलेली ओळख.

उद्याच्या कामासाठी फ्रिज उघडला.
दुसऱ्या कप्प्यात बुटकी बाटली,
विष, घोणस जातीचं, पातळ केलेलं.
सकाळी शबनम दळवी येणार.
नागपाडा, एकतीस वर्षं,
तीन मुलं पोटातच गेलेली.
तिचं रक्त नको तिथं गोठतं बहुतेक.
ते त्याच्याकडून वदवून घ्यायला
आम्ही त्यात थेंबभर घोणस सोडतो
आणि सेकंद मोजतो.
नळीत उशीर झाला, तर समजायचं
शरीरात घाई आहे.
याचं कारण मला माहीत आहे, तरी
दर वेळी पुन्हा मनाशी म्हणून बघावं लागतं.

पावणेनऊला लाडकीची दुसरी नळी खाली आली.
ठेवून दिली.
शबनम वेळेआधीच दाराशी.
"उपाशीपोटी यायचं होतं का?"
"नाही," म्हटलं, "बसा.
फक्त टेबलाला धक्का लावू नका."