चाळीस आकडे

एंडेल म्हणायचा, ऊन लग्नांसाठी ठीक.
झाडांना असंच हवं:
आभाळ ओल्या घोंगडीसारखं खाली आलेलं,
नोव्हेंबर, हालिस्ते नदी आपला काठ विसरलेली,
आणि दुपारी दोनलाच दिवसानं आवराआवर सुरू केलेली.

मी होडी धरायची.
अ‍ॅस्पनचं खोड कोरून त्याच्या बापानं केलेली,
खरं तर एकाच माणसाची; दुसरं बसलं
की कडेपासून पाणी चार बोटं.
तो मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून उतरायचा,
तिपाईचा एकेक पाय चिखलात सोडायचा,
म्हातारीचे पाय कढत पाण्यात सोडावेत तसा,
जपून, तिला विचारत.

समोर काळे अल्डर.
पुढचे तीन शाईचे,
मागचे राखेचे,
त्यांच्या मागचे
आहेत म्हणायचं म्हणून.

"मोज," म्हणायचा. मी मोजायची.
एक. दोन. लेन्स उघडी.
माझ्या आवाजाशिवाय त्याच्याकडे घड्याळ नव्हतं.
म्हणजे होतं, मनगटावर,
वीस वर्षं बंद.

तरुणपणी तो सरकारी खात्यात होता.
ह्याच झाडांवर चुन्यानं आकडे घालायचा
आणि फोटो काढायचा:
चर कुठून न्यायचा, कुठली तोडायची.
चर खणले गेले. पलीकडची दलदल वाळली,
तिथे आता बटाटे, आणि तेही बरे येत नाहीत.
ह्यावर तो बोलत नसे.
एकदाच, थर्मासचं झाकण आवळताना म्हणाला,
"तेव्हा उजेड फार चांगला असायचा."

एका वर्षी, बाविसाव्या आकड्याला, एल्क आली.
गुडघाभर पाण्यातून, डावीकडून उजवीकडे,
नाकातून वाफ सोडत,
आमच्याकडे ढुंकूनही न बघता.
माझा तेवीस घशात अडकला,
चोवीस कसाबसा निघाला.

रात्री सौनात
(शनिवारी आंघोळ, बाकी दिवस रसायनं;
त्याच्या अंगाला दोन्हींचा वास)
लाल दिव्याखाली कागद हलवला.
झाडं आली. धुकं आलं.
एल्क नाही.
"चालत होती ना," तो म्हणाला.
मी तीन दिवस फुगून बसले.

मग त्यानं निगेटिव्ह बल्बसमोर धरली.
तिथे सगळं उलटं:
धुकं डांबरासारखं दाट,
झाडं म्हणजे पांढऱ्या चिरा.
"चांदी सगळी धुक्यात जाते," म्हणाला,
"झाडं स्वस्तात पडतात."

शेवटच्या नोव्हेंबरात
नवव्या आकड्याला त्याची लोकरी टोपी पाण्यात पडली
आणि निघाली, आपली आपण, चौकटीच्या आत.
लेन्स उघडी.
मी थांबले, तर त्यानं मागं न बघता हात हलवला: मोज.
आणि गेला तिच्यामागे,
छपाक छपाक, पहिल्या अल्डरला वळसा,
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे गाठली.
एकवीस. बावीस.
उभ्या उभ्या पिळली, डोक्यावर घातली.
गार पाणी मानेतून आत गेलं तसा शिव्या देत,
हसत, दुसऱ्या बाजूनं परत.
छत्तीसला तिपाईपाशी.
चाळीसला झाकण लावलं.

तो फोटो आता योएसूच्या दुकानात आहे,
पावाच्या फळीवर, गळांच्या पुड्यांशेजारी.
गल्ल्यावरची साल्मे म्हणते,
किती उदास बाई, चिटपाखरू नाही.
मी राईचा पाव घेते, सुटे पैसे मोजते.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे
फुंकर मारल्याएवढा एक डाग आहे.
दर शुक्रवारी साल्मे ओलं फडकं घेऊन
काच तिथे जरा जास्त घासते.
डाग काचेच्या आत आहे
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.