बारा बाय आठ

दरवर्षी डिसेंबरात साहेबांचा वाढदिवस
माझ्या दुकानात छापला जातो.
बारा बाय आठ, वेंगुर्ल्याच्या नाक्यापासून
बंदरापर्यंत सतरा नग, उधारीवर.

साहेब डावीकडे, हात उंच.
उजवीकडे वहिनी, हात जोडून.
वहिनींचा फोटो एकच आहे, नऊ वर्षांपूर्वीचा.
नवा त्या देत नाहीत.
म्हणून दरसाल मी त्यांची साडी बदलतो,
माऊसच्या एका टिचकीत:
मोरपंखी, डाळिंबी, गेल्या साली लिंबू कलर.
गळ्यातलं तेवढं ठळक कर, पोरं सांगतात.

कुडाळच्या निळ्या गेटवाल्या घराची गोष्ट
कोणाला ठाऊक नाही?
गाडी गुरुवारी संध्याकाळी जाते, शुक्रवारी येते.
सोड्यांचा भाव विचारावा तसं लोक विचारतात,
"गेलो काय रे?"
"गेलो."
आणि हसतात, त्यात थोडा हेवा.
बाबल नवार चहात खारी बुडवत म्हणतो,
"धक्को बांधून दिल्यान मां? मगे?
आमका बाकीच्याचा काय करूचा हा?"
पटतं. धक्का खरंच चांगला झालाय.

खाडीपलीकडच्या सरपंचबाईंनी, चित्रा टांककरने,
बंधारा बांधला होता. तोही चांगला.
ती ग्रामसेवकाच्या स्कूटरवर मागे बसलेली दिसली
एकदाच, शिरोड्याच्या तिठ्यावर, भर पावसात.
अविश्वास ठरावाच्या दिवशीचा फ्लेक्स माझाच.
'चारित्र्य' मधला त्र्य नीट उमटत नव्हता,
मी फॉन्ट बदलून दिला.
त्याचे पैसे मात्र रोख मिळाले.

औंदा वहिनी स्वतः आल्या,
दुपारची, नाका झोपलेला असताना.
स्क्रीनवर त्यांचीच साडी अर्धी जांभळी झालेली.
बघत उभ्या राहिल्या. पर्स एका हातातून दुसऱ्या हातात.
"मला काढ यातून."
"मग तिथे काय घालू?"
"काही नको."

काढलं.
मागचं आभाळ ओढून जागा भरली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आत गाव पेटलं.
मासळी बाजारात, बँकेच्या रांगेत, देवळाच्या पायरीवर.
बाईने असं करावं?
ऐन निवडणुकीत?
घरातलं घरात ठेवता येत नाही?
ज्या बायका गेली नऊ वर्षं
त्यांच्यासाठी च् च् करत होत्या,
त्यांचंच बोलणं सगळ्यांत धारदार.
बाबलची खारी चहात विरघळून गेली.
"संसार मोडूक निघाली ती," तो म्हणाला,
आणि कप तसाच ठेवून उठला.

गुरुवारी संध्याकाळी गाडी गेली, नेहमीच्या वेळेला.
कोणी मान वळवली नाही.
सगळे बॅनरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होते,
जिथे नुसतं आभाळ होतं.

रात्री पोरं येऊन गेली.
"जुनी फाईल असेलच ना?"
आहे.
नऊ वर्षांच्या नऊ साड्या आहेत फोल्डरमध्ये.
बिल बाकी आहे.
मी मशीनचं हेड पुसत बसलोय,
निळी शाई काही केल्या निघत नाही.