चाळीसच्या वर

चाळीसच्या वर काटा गेला की
या जीपमध्ये माणसं नुसती तोंड हलवतात.
बारा वर्षं शाणू वेळीप माझ्या डाव्या हाताला बसून,
मांडीवर लशींचा थंड डबा घेऊन,
तोंड हलवत आलाय.
मी मान.

खाणीच्या लिलावातली ही जीप, मॉडेल चौऱ्याण्णव.
कुडचड्याच्या आग्नेल बार्रेटोने बॉनेटला कान लावला,
मी गाभण म्हशीच्या कुशीला लावतो तसा.
म्हणाला, "दोतोर, बडबड इंजिनाची न्हय. भोकांची."

सगळं उचकटलं.
सीटखाली नेत्रावळीची माती, तीन थर, तीन रंग,
एक वाकडी सुई,
गुराच्या कानातला बिल्ला, आकडे पुसलेले,
आणि एक काजूबी, जिला कधीतरी कोंब आला होता
आणि तिथेच वाळला.
पायांखालच्या पत्र्याला सात भोकं.
आग्नेल बुचं शोधत दुकानभर फिरला.
मी पिशवी उघडली:
लाळ्या-खुरकुताच्या लशीच्या रिकाम्या बाटल्या.
त्यांची रबरी बुचं बसली. सातवं जरा घट्ट होतं,
त्याला थुंकी लावली.

मग डांबराच्या चादरी, हीट गनने मऊ करून,
वरून आग्नेलच्या बायकोचं लाटणं,
नाताळच्या नेवऱ्यांचं, ती ओरडत येईपर्यंत.
दारांच्या पोटात फेस, कडांना नवं रबर.
क्लचच्या केबलशेजारी मूठ जाईल एवढी फट,
तिच्यात फेल्ट कोंबलं.
फोर-व्हीलचा छोटा दांडा पंचेचाळीसला दात वाजवायचा,
त्याला सायकलची ट्यूब गुंडाळली.
दार लावलं तर पूर्वी डबा वाजायचा.
आता ढप्प. भरल्या पोत्यासारखं.

पावणेसात हजार.
वर आग्नेलची ताकीद, पैसे मोजता मोजता:
"आतां जाय तें आयकूं येतलें. नाका तेंय."

रिवणच्या पुढे सपाटी आहे थोडी.
काटा पन्नास.
डब्यात बर्फ सरकतोय, ऐकू आलं.
डाव्या चाकाचं बेअरिंग बारीक कण्हतंय.
शाणूच्या एका नाकपुडीत शीळ आहे.
आणि शाणू, जुन्या सवयीने, गळा फाडून:
"पण तुम्ही हो म्हणाला होता ना!"

मी दचकलो. तोही दचकला,
स्वतःच्याच आवाजाला.
"कशाला हो म्हणालो?"
"रिटायर झालात की जीप मला. वेर्ल्याला बिबट्याने
पाडी फाडली, त्या दिवशी, येताना."
म्हणजे नऊ वर्षं झाली.
नऊ वर्षं तो दर रविवारी ही धुतो.
मला वाटायचं, माणसाला शिस्त आहे.

आणखी कशाकशाला म्हणालो, मी विचारलं नाही.
तोच सांगत गेला, डब्याच्या झाकणाकडे बघत.
सुकांतीला नर्सिंगला घालू का? हो.
तिचा ताप उतरत नव्हता, उतरेल ना? हो.
घराला पत्रे घालू की कौलं?
त्यालाही हो.
"आणि आई गेली ते सांगितलं,
तेव्हाही तुम्ही मान हलवली.
जरा हसलातसुद्धा."

बेअरिंग कण्हत राहिलं.
बाहेर आमचा आवाज तेवढाच आहे, त्याला काही केलेलं नाही.
विचुंद्र्याच्या चढणीवर पोरांनी तो नेहमीसारखा
दोन वळणं आधीच ओळखला,
गुरं धरून उभी राहिली असतील.

मी काटा पस्तिसावर आणला.
आता त्याची गरज नव्हती.
म्हटलं, "शाणू, आई कधी गेली?"
"चवथीच्या आदल्या दिवशी," तो म्हणाला,
अजून जरा मोठ्यानेच.