नाहीतर चव्वेचाळीस

नितेश मढवीने कॅबिनेटचं झाकण उघडलं
आणि पंख्यातली धूळ बघून म्हणाला,
ताई, हा तर कोपरखैरणेचा नकाशाय.
थोडे डंपर, थोडा पिठाच्या गिरणीचा भुगा,
आणि हे लाल सेक्टर अकराच्या खोदकामातलं.

जुना प्रोसेसर त्याने दोन बोटांत उचलला,
डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तसा.
पाठीवर पेस्ट वाळून बसलेली,
तव्यावर राहिलेल्या धिरड्यासारखी.

नवा अगदी तसाच. तेवढाच चौकोन,
कोपऱ्यात तोच सोनेरी त्रिकोण,
फक्त नावातला आकडा एकाने पुढे,
वरच्या वर्गात ढकललेल्या पोरासारखा.

किती फरक पडेल?
आठ टक्के. खोक्यावर पंधरा लिहिलंय.
मागच्या वेळी?
सहा.
त्याच्या आधी?
त्याच्या आधी तुमच्याकडे बाबांचं मशीन होतं.
ते धरायचं नसतं.

मी इमारती काढते. अजून न उभ्या राहिलेल्या.
उलव्यात, खारघरला, डोंगर कापला तिथे,
जिथे बिल्डरने फक्त निळे पत्रे ठोकलेत
तिथे मी सत्ताविसाव्या मजल्यावर संध्याकाळ लावते,
गॅलरीत एक रिकामी खुर्ची ठेवते.
एका चित्राला एक्केचाळीस मिनिटं लागायची.

रात्री दहाला नितेशने तीच फाइल लावली.
पडद्यावर चौकोन उजळत गेले,
आधी आभाळ, मग काच, मग खुर्चीचा पाय.
अडतीस.
आम्ही दोघं बघत राहिलो,
बारशाला आलेल्या पाहुण्यांसारखे,
बाळ कुणावर गेलंय ते न कळून.

तीन मिनिटांचे बावीस हजार सातशे.
तीन मिनिटांत कुकरची पहिली शिट्टी होत नाही.
आईचा फोन होतो, पण "जेवलीस का"पर्यंतच.
तरी मी बिलामागे हिशेब मांडला:
दिवसाला नऊ चित्रं, सत्तावीस मिनिटं,
वर्षाचे तीनशे दिवस धरले तर
साडेपाच दिवस, अख्खे, रात्रीसकट.
साडेपाच दिवसांत गुहागरला जाऊन येता येतं.
मी मनातल्या मनात बॅगही भरली.

सोमवारी सुरभी कोठावळेंचा फोन.
सुंदर झालंय हं, क्लायंट खूश आहेत.
फक्त खाडीत थोडे फ्लेमिंगो टाका.
थोडे म्हणजे?
दोनशे. आणि पाण्यात दिसू देत.

त्या खाडीत ते येतात का, तिने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
दोनशे पक्षी. पाण्यात उलटे आणखी दोनशे.
प्रत्येकाच्या पंखाखाली वेगळं गुलाबी.
फाइल लावली, भात लावला,
जेवले, ताट विसळलं, येऊन पाहिलं.
एक्केचाळीस.

नितेशला फोन केला तर हसत सुटला.
रडताय कशाला ताई,
जुन्यावर नाहीतर चव्वेचाळीस लागले असते.

जुना त्याने घणसोलीला नेला, आतेभावासाठी.
दहावीतला पोरगा, घरात कुणाच्या तरी
ऑफिसातून भंगारात निघालेला डबा.
बोर्ड कुठूनतरी जुळवला, रॅम उसनी.
पोराने बटण दाबलं आणि
मासे साफ करणाऱ्या आईला ओरडून म्हणाला,
आये, बग, किती बेगीन चालू झाला!
तिने मान वर केली म्हणे, हात तसेच ठेवून.

माझ्याकडे अडतिसाव्या मिनिटाला
अजून सवयीने उठणं होतं.
उठते, चष्मा पुसते.
पडद्यावर उजवा खालचा कोपरा काळा असतो
आणि पक्षी अजून उतरत असतात,
एकेक चौकोन,
आधी पाय, मग पाणी.