कच्चं पान

शाझिये होजा म्हणाली, सुरुवात शेवटापासून कर.
पहिल्या भागाचं विसावं पान,
मग दुसऱ्या भागाचं विसावं,
अशी तीस पानं झाली की एक फेरी.
त्यानंतर एकोणिसावं.
आमच्या चायेलीच्या उतारावर चहाही असाच खुडतात,
खालच्या पायरीपासून वर, पाठीवर करंडी.
ओझं वाढत जातं तसं घर जवळ येतं.

मी एक्केचाळीसची. चहाच्या कारखान्यात
वजनकाट्यावर रात्रपाळी.
म्हटलं, होजा, या वयात होईल का पाठ?
ती विणत होती. टाके मोजून झाल्यावर बोलली,
"काट्यावर किती जणांची नावं लक्षात असतात तुझ्या?
कुणाचा माल ओला, कुणाची उधारी किती?"
एकशे बारा, मी म्हटलं.
"मग जागा आहे. नुसती भाड्याने दिली आहेस."

प्रत एकच ठेव, म्हणाली.
बदललीस तर ओळी घर बदलतात
आणि तू जुन्याच दारावर थापा मारत बसतेस.
माझ्या प्रतीत एका पानाच्या कोपऱ्यात चहाचा डाग आहे.
ती आयत आली की आधी डाग आठवतो, मग शब्द.
लाजत लाजत हे सांगितलं तर हसली.
"खुंटी कशाचीही असो, कपडा टांगला गेल्याशी मतलब."

रात्री पाहून वाच. पहाटे न पाहता.
मोठ्याने म्हण, कान हा जिभेचा साक्षीदार.
खुडलेलं पान कुणी लगेच भट्टीत घालत नाही,
रात्रभर पसरून ठेवतात, कोमेजू देतात.
तिच्याकडे दोनच शेरे होते:
कच्चं, शिजलेलं.
नमाजात उभं राहून, हात बांधून,
समोर कागद नसताना म्हणता आलं
तर शिजलं.
मधलं काही नव्हतं.

एका आठवड्यात पान बसेचना.
त्याच आठवड्यात मी कारखान्यात
नणंदेबद्दल बरंच काही बोलले होते.
होजाला कुणी सांगितलं नसावं. तिने विचारलंही नाही.
एवढंच म्हणाली,
"काल कांदा ठेवलेल्या भांड्यात
आज दूध ओततेस, पोरी?"

आणि ते धुकं!
दोन सूरांत तेच शब्द,
फक्त एक नाव पुढे, एक मागे.
मी एकीत शिरले आणि दुसरीतून बाहेर पडले.
तिने बरोबर शब्द कधीच सांगितला नाही.
विणायची सुई टेबलावर: टक.
मागे जा, फाटा शोध.

म्हणतात की पाठांतर उंटासारखं दावं तोडून पळतं.
आम्ही कुणी उंट पाहिलेला नाही.
होजाने सासूच्या तांबड्या गाईची गोष्ट सांगितली,
जी रोज दिसणाऱ्या माणसाकडेच परत यायची.
पाठ केलंस एवढ्यावर भागत नाही,
पाठ फिरवलीस की गेलं.
आणि किती झालं असं कुणी विचारलं
तर हवापाण्यावर बोल.

दोन वर्षांपूर्वी लेकीने तिला बोखुमला नेलं,
मोतीबिंदूसाठी. ती तिथेच राहिली.
आता रविवारी फोनवर म्हणून दाखवते.
तिथेही टक ऐकू येते, जरा उशिरा.

काल तेराव्या फेरीचं पान.
टक.
मागे गेले, पुन्हा म्हटलं.
टक.
तिसऱ्यांदा फोन मांडीवर ठेवला, प्रत उघडली.
मी बरोबर होते.

काही बोलले नाही.
तेच पान पुन्हा घेतलं, सावकाश,
एकेक शब्द तिच्या कानापाशी ठेवत.
पलीकडे सुई थांबली.
मग तिचा आवाज आला,
माझ्या आवाजाच्या अर्धा शब्द मागून चालणारा,
कच्चा.